त्वचेचा कॅन्सर आणि आपल्या सवयी: किनाऱ्यावरून वारंवार येणारे प्रश्न

मी किनाऱ्यालगतच्या एका तालुक्याच्या गावी त्वचारोगाचा दवाखाना चालवतो. खाली दिलेले प्रश्न दवाखान्यात, फोनवर आणि बऱ्याचदा मासळी घेताना लोकांनी मला विचारलेले आहेत. काही प्रश्न दर मे महिन्यात येतात, काही वर्षातून एकदाच येतात पण झोप उडवतात. एकाचं उत्तर दुसऱ्यात मिसळत असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. त्वचेचा कॅन्सर म्हणजे एकच आजार का?

नाही. मुख्य प्रकार तीन. बेसल सेल कार्सिनोमा हा सगळ्यांत सावकाश वाढणारा. तो शरीरात सहसा पसरत नाही, पण नाक, पापणी, कान जागच्या जागी कुरतडत जातो. दुसरा स्क्वेमस सेल कार्सिनोमा. हा खरखरीत गाठ किंवा न भरणारी जखम म्हणून दिसतो आणि दुर्लक्ष केलं तर बगलेतल्या, जांघेतल्या गाठींपर्यंत पोचतो. तिसरा मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. तो सगळ्यांत कमी आढळतो आणि सगळ्यांत धोकादायक असतो. तिघांची कारणं सारखी नाहीत, म्हणून ‘कोणत्या सवयीने होतो?’ याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही.

२. आमची कातडी सावळी. हा गोऱ्यांचा आजार ना?

बराचसा हो, पूर्ण नाही. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, ही जन्मजात छत्री आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपर्यंत दर तिघांपैकी किमान दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कॅन्सर होतो, आणि आपल्याकडे एकूण कॅन्सरमध्ये त्याचा वाटा अगदी लहान आहे. त्यामुळे परदेशी व्हिडिओ पाहून घाबरून येणाऱ्यांना मी आधी बसवून पाणी देतो.

पण छत्री म्हणजे भिंत नव्हे. सावळ्या माणसाला हा आजार होतो तेव्हा तो बहुधा उशिरा सापडतो. रुग्णाला संशय येत नाही, घरच्यांना येत नाही, आणि खरं सांगायचं तर कधी डॉक्टरलाही येत नाही. शिवाय जागाही वेगळ्या असतात: जुन्या भाजल्याच्या खुणा, कमरेचा पट्टा, तळपाय, नखाखाली. उन्हाचे प्रश्न मी आधी घेतले आहेत, कारण लोक तेच जास्त विचारतात. तुमच्याकडे दहाच मिनिटं असतील तर प्रश्न १२ ते १५ आधी वाचा.

३. माझा आजा आयुष्यभर समुद्रावर होता, नव्वदीपर्यंत जगला, काही झालं नाही. मग उन्हाचा दोष कसा?

तुमच्या आजोबांना नमस्कार. पण एका माणसावरून धोका ठरत नाही. सूर्यकिरणांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ सालीच माणसात निश्चित कॅन्सर घडवणाऱ्या कारणांच्या गटात टाकलं आहे. ऊन कसं मिळतं तेही महत्त्वाचं. वर्षानुवर्षं रोज थोडंथोडं साचत जाणारं ऊन स्क्वेमस प्रकाराकडे नेतं. तांडेलाची (होडीच्या म्होरक्याची) मान, चिरेखाणीवरच्या माणसाचे कान, खालचा ओठ या त्याच्या जागा. उलट अकरा महिने एसीत आणि मग आठ दिवस तारकर्लीला उघड्या अंगाने लोळणं, कातडी लाल होऊन सोलून निघणं, हा नमुना गोऱ्या लोकांत मेलानोमाशी जोडला गेला आहे. म्हणजे करपण्याच्या बाबतीत खलाशापेक्षा चाकरमान्याने जास्त जपायला हवं. त्याच्या कातडीला सवय नसते आणि सुट्टी संपायच्या आत त्याला सगळं ऊन वसूल करायचं असतं.

४. नेमकं कोणतं ऊन वाईट? आम्हाला तर दिवसभर उन्हातच काम.

साधारण सकाळी दहा ते दुपारी चार. घड्याळ नको असेल तर स्वतःची सावली बघा. ती तुमच्यापेक्षा आखूड झाली की अतिनील किरणांचा जोर आहे असं समजा. मे महिन्यात तर सूर्य कोकणावरून थेट डोक्यावरून जातो. सिंधुदुर्गात महिन्याच्या सुरुवातीला आणि वर डहाणूकडे नंतर, असा शून्य सावलीचा दिवस येतो. मोबाइलवर हवामान बघता तिथे ‘यूव्ही इंडेक्स’ नावाचा आकडा असतो. तीनच्या वर गेला की अंग झाकायचं, आठच्या वर अति, अकराच्या वर अतितीव्र. एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी आपल्याकडे तो अकरा ओलांडतो.

किनाऱ्यावर तीन गोष्टी फसवतात. दुपारचे खारे वारे अंगाला गार लागतात, म्हणून ऊन कमी वाटतं, पण उष्णता आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरण परत फेकते आणि लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे टोपी घातली तरी हनुवटीला खालून ऊन लागतं. पाण्यात अर्धा मीटर खालीही वरच्या सुमारे ४० टक्के किरण पोचतात, त्यामुळे स्नॉर्केलिंग करून आलेल्यांची पाठ भाजून निघते. श्रावणात पातळ ढगांचं मळभ असलं तरी बरेचसे किरण खाली येतात. आषाढातलं काळं आभाळ मात्र खरोखर आडोसा देतं.

काम सोडा असं कोणी सांगणार नाही. जे काम हलवता येतं ते हलवा. बोंबील वलाणीवर सकाळी लवकर चढवता येतात, आंबा उतरवायला उजाडताच झेला घेऊन निघता येतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढायची वेळ मात्र मासळी ठरवते, तिथे पुढचा प्रश्न वाचा.

५. टोपी, छत्री, कपडे यांनी खरंच फरक पडतो का?

सनस्क्रीनपेक्षा जास्त पडतो आणि पैसे एकदाच जातात. दाट विणीचं, गडद रंगाचं, सैल, पूर्ण बाह्यांचं कापड घ्या. पातळ पांढरा सुती गंजीफ्रॉक घालून उन्हात असणं म्हणजे अर्धवट उघडं असणं, आणि तो घामाने किंवा पाण्याने ओला झाला की आणखी किरण आत सोडतो. बोटीवर उघड्या अंगाने काम करणाऱ्या पोरांना मी जुना फुल शर्ट घाला असंच सांगतो.

क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडे ठेवते. चहूबाजूंनी काठ असलेली टोपी हवी, किंवा टोपीखालून मानेवर सोडलेला रुमाल. लावणीच्या पावसात वाकलेल्या पाठीवर आपली बायामाणसं इरलं घेत आली. उन्हासाठी तसं काही आपण केलं नाही, डोक्यावरच्या मासळीच्या पाटीची सावली तेवढी मिळाली.

६. सनस्क्रीन लावू का? कोणतं? रोज?

आधी कशावर भरवसा ठेवायचा ते सांगतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नांबूर या गावी १९९२ ते १९९६ या काळात सोळाशेहून जास्त लोकांवर प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वेमस कॅन्सर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले आणि पुढच्या काही वर्षांत मेलानोमाही घटलेला दिसला. पण ते लोक बहुतेक गोरे होते. सावळ्या त्वचेत सनस्क्रीनने कॅन्सर टळतो असा तितका भक्कम पुरावा नाही. वांग, काळवंडणं, उन्हाची ॲलर्जी यांसाठी ते उपयोगी आहे, तेवढ्यासाठी जरूर लावा.

घ्यायचंच असेल तर एसपीएफ (डब्यावरचा संरक्षणाचा आकडा) ३० पुरे. ते सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे कातडी करपवणारे अतिनील किरण, अडवतं आणि ५० वालं ९८ टक्के. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे देऊ नका. डब्यावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा ‘पीए’ आणि पुढे तीन अधिकची चिन्हं बघा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, आणि घाम आला, पाण्यात शिरलात किंवा दोन तास झाले की पुन्हा लावावं लागतं. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला एका वेळी सुमारे ३० मिली जातं, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोन वेळांत संपली. दिवसभर बोटीवर असणाऱ्या माणसाला हा हिशेब परवडत नाही हे मला कळतं. त्याने कपडे आणि टोपी धरावी, आणि जमलं तर ओठ, नाक, कान एवढ्यांनाच लावावं.

७. त्यापेक्षा खोबरेल तेल लावलं तर? आजी हळद-चंदन सांगते.

खोबरेलाने कातडी मऊ राहते, खाऱ्या पाण्याने फुटत नाही, म्हणून लावा. उन्हापासून मिळणारं त्याचं संरक्षण नगण्य आहे. हळद आणि चंदन अंगाला लावून कॅन्सर टळतो याला आधार नाही. कोकमाचं आगळ पिण्यासाठी आहे, चेहऱ्याला फासण्यासाठी नाही. एक मात्र टाळाच: लिंबू चोळून उन्हात जाणं. लिंबाच्या सालीतल्या सोरालेन नावाच्या द्रव्यामुळे त्या जागी उन्हाने फोड येतात आणि महिनोन्‌महिने काळे पट्टे राहतात. मे महिन्यात सरबत करता करता हातावर उडालेल्या रसाचे असे ओघळ उमटलेले हात मी बरेच पाहिले आहेत.

८. मुलं सुट्टीत दिवसभर समुद्रावर असतात. अडवू का?

अडवू नका, वेळ बदला. सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी चारनंतर हुंदडू दे. मधल्या वेळात पाण्यात जायचंच असेल तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात नेऊ नये, सनस्क्रीनही लावू नये. पाटावर झोपवून तेल लावून ऊन दाखवायची रीत आहे, ती कोवळ्या उन्हात चार-पाच मिनिटांपुरती ठेवा.

९. मग व्हिटॅमिन डीचं काय? डॉक्टरच सांगतात ऊन घ्या.

दोन्ही खरं. ड जीवनसत्त्व यूव्हीबीने बनतं आणि सावळ्या त्वचेला त्यासाठी गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. पण हात-तोंड उघडं ठेवून रोज बाहेर फिरणाऱ्या माणसाला वेगळं ऊन खायची गरज नसते. खलाशी, बागायतदार, आठवड्याचा बाजार पायी करणारी बाई, यांना ते कामातच मिळतं. कमतरता बहुतेक घरात बसणाऱ्यांत, अंगभर झाकून घेणाऱ्यांत आणि म्हाताऱ्यांत दिसते. रक्तात कमी निघालं तर गोळी घ्या, ती स्वस्त आहे. डीच्या नावाखाली दुपारी पाठ भाजून घेण्यात अर्थ नाही.

१०. मी ट्रक चालवतो. उजवा हात डाव्यापेक्षा काळा. धोका आहे का?

गाडीच्या बाजूची काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए हा अतिनील किरणांचा दुसरा प्रकार बराचसा आत येऊ देते. काच उघडी असेल तर दोन्ही येतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो म्हणून उजवा हात, उजवा गाल. सावळ्या माणसात यातून कॅन्सर होण्याची शक्यता कमी, सुरकुत्या आणि डाग पडण्याची जास्त. हाताला कापडी बाही चढवली की काम झालं.

११. मशेरी, विडी, तंबाखू यांचा कातडीशी काय संबंध?

तोंडाशी आहे हे तुम्हाला माहीत आहे. कातडीशीही आहे. धूम्रपान करणाऱ्यांत त्वचेचा स्क्वेमस कॅन्सर जास्त आढळतो. साधारण दीडपट, असं अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत २०१२ साली दिसलं. धुरामुळे कातडीचा रक्तपुरवठा घटतो, जखमा हळू भरतात, आणि न भरणारी जखम हाच आपल्याकडचा खरा काळजीचा विषय आहे (प्रश्न १३).

खालच्या ओठाकडे वेगळं लक्ष द्या. तिथे ऊन वरून पडतं आणि विडीचं टोक किंवा तंबाखूची चिमूट आतून चिकटते. ओठावर पांढरट, खरखरीत, सतत सोलणारा चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवा. ‘उन्हाने फुटला असेल’ म्हणून तूप लावत बसू नका. मशेरी लावणाऱ्या बायकांनी ओठ बाहेर ओढून आतली बाजूही आरशात बघावी. मशेरी म्हणजे दात घासायची पावडर नव्हे, भाजलेला तंबाखूच आहे. हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा तरी बोलतो.

दारूचा त्वचेच्या कॅन्सरशी थेट संबंध तितका पक्का नाही. ती तोंड, घसा, अन्ननलिका आणि यकृताच्या कॅन्सरचं ठाम कारण आहे, सोडायला तेवढं पुरे.

१२. साडीने कॅन्सर होतो असं वाचलं. खरं का? मी रोज नऊवारी नेसते.

साडीने नाही, कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून बांधलेल्या नाडीने किंवा गाठीने. ही भारतातच ओळखली गेलेली गोष्ट आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली चालीरीतींशी जोडलेल्या कॅन्सरच्या तीन नव्या प्रकारांवर लिहिलं, त्यांत धोतराच्या गाठीखालचा कमरेचा कॅन्सर होता. पुढे परकराच्या नाडीखालचे रुग्ण नोंदले गेले. २०२४ साली विदर्भ आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी पुन्हा दोन वृद्ध बायकांच्या नोंदी छापल्या.

आधी नाडीच्या जागी घाम आणि घर्षणाने खाज सुटते, मग कातडी काळी पडते, मध्येच पांढरी होते, जाड होते, भेगा पडतात. त्यातली एक भेग भरत नाही. आपल्याकडच्या कोळणी लुगडं पायांत कासोटा मारून घट्ट आवळतात, कारण ओल्या जेटीवर पाटी डोक्यावर घेऊन चालताना ते सुटून चालत नाही. म्हणून त्यांना मी ‘नेसू नका’ म्हणत नाही. नाडी रुंद कापडी पट्टीची करा, गाठीची जागा बदलत राहा, घरी आल्यावर सैल करा, घाम धुऊन जागा कोरडी ठेवा. पुरुषांच्या आवळ जीन्सलाही हेच लागू. खाज येणारी जागा काळी-पांढरी झाली असेल तर एवढ्यावरच थांबवता येतं. भरत नसलेला व्रण असेल तर मलम नको, तपासणी करा.

१३. लहानपणी पाय भाजला होता. इतक्या वर्षांनी त्या खुणेवर जखम झाली आहे, ती भरत नाही. घाबरायचं का?

घाबरू नका, पण याच आठवड्यात दाखवा. या पानावरचं सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर हेच, म्हणून जरा लांबण लावतो.

जुन्या भाजल्याच्या खुणेत, वाहत राहणाऱ्या हाडाच्या जखमेत, वर्षानुवर्षं चिघळलेल्या पायाच्या व्रणात स्क्वेमस कॅन्सर उगवू शकतो. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन याने १८२८ साली अशा व्रणांचं वर्णन केलं, म्हणून त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. भाजल्यापासून कॅन्सरपर्यंत साधारण तीसेक वर्षं जातात, त्यामुळे माणूस दोन्ही गोष्टींची सांगड घालत नाही. जिथे कातडी परत परत फुटते आणि परत परत भरते तिथे पेशी सतत विभागत राहतात, आणि विभागणीत चुका होतात. याचा उन्हाशी संबंध नाही. काश्मिरात कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं, कपड्यांत धरून बसणाऱ्यांना पोटावर आणि मांड्यांवर होणारा कॅन्सर याच कुळातला, तिथे कारण सततची उष्णता.

आपल्याकडे अशा खुणा कुठून येतात? चुलीपाशी पदर पेटणं, भाताच्या पेजेचं आधण अंगावर सांडणं, काजूच्या टरफलातला चीक, आणि बिब्बा. काजूचा चीक आणि बिब्बा यांनी स्वतः कॅन्सर होतो असं नव्हे. त्यांनी कातडी रासायनिक रीतीने जळते. गुडघेदुखीला, लचकीला बिब्ब्याचा डाग देण्याची पद्धत अजून आहे. तो डाग चिघळला, खूण जाड राहिली, सांध्यावर असल्याने दर हालचालीला फुटत राहिली, तर वर सांगितलेलं चक्र सुरू होतं. म्हणून दोन सवयी बदला. बिब्बा आणि चटके देणं बंद करा. आणि भाजल्यावर पहिल्याच दिवशी वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, शाई-टूथपेस्ट-चुना न लावता दवाखान्यात या. नीट उपचार झालेली, गरज असेल तिथे कातडी बसवलेली जखम भरते आणि शांत राहते.

खुणेवरची जखम चार आठवड्यांत भरली नाही, कडा उंच आणि कडक झाल्या, फुलकोबीसारखं मांस वर आलं, घाण वास आला, सहज रक्त आलं, यांपैकी एकही असेल तर तुकडा काढून तपासावा लागतो. कुष्ठरोग बरा झालेल्यांच्या तळपायावरच्या जुन्या व्रणांनाही हेच लागू.

१४. माझ्या आवशीच्या तळपायाक काळो डाग पडलो हा. कुरूप समजान कापूचा काय?

नको, ब्लेडला हात लावू नका. कुरूप दाबलं की दुखतं, मधे टणक खिळा असतो आणि रंग कातडीसारखा किंवा पिवळट असतो. कालवं काढताना शिंपल्यांनी झालेल्या जखमेतलं रक्त सुकून काळं दिसतं, ते काही आठवड्यांत नखासारखं पुढे सरकतं किंवा खरवडून जातं. तिसरी शक्यता मेलानोमाची. आपल्यासारख्या त्वचेत तो उन्हाच्या जागी न होता तळपाय, तळहात आणि नखाखाली जास्त सापडतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ साली सापडला आणि १९८१ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो त्यातच गेला. आधी ती फुटबॉलची जखम वाटली होती.

अनवाणी चालल्याने हा होतो का? वारंवार दाब आणि इजा होणाऱ्या भागांत तो जास्त दिसतो असं काही अभ्यास सांगतात, पण ठाम सिद्ध झालेलं नाही. तरीही चप्पल घालाच. काटा, शिंपला, धनुर्वात यांच्यासाठी तरी. आठवड्यातून एकदा पाय धुतल्यावर तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघा. आईला वाकता येत नसेल तर तुम्ही बघा. लावणीच्या चिखलात होणाऱ्या चिखल्या हा वेगळा, साधा आजार आहे.

१५. कोणता तीळ दाखवायचा? नखावरची काळी रेघ?

दोन्ही अर्धे सारखे नसलेला, कडा वेड्यावाकड्या, एकाच तिळात दोन-तीन रंग, पेन्सिलच्या मागच्या टोकाहून मोठा, आणि मुख्य म्हणजे बदलत असलेला. तुमच्या बाकीच्या तिळांपेक्षा एखादा वेगळाच दिसत असेल तर तोही. नाकाजवळ किंवा डोळ्याजवळ काळा, मोत्यासारखा चमकणारा, मधे खपली धरणारा फोड आला असेल तर तो ‘वाढलेला तीळ’ नसून सावळ्या माणसातला बेसल सेल कार्सिनोमा असू शकतो. आपल्याकडे तो असाच काळसर दिसतो. चामखीळ समजून दोरा बांधणं, चुना-सोडा लावणं बंद.

नखांवर बारीक काळ्या रेघा सावळ्या लोकांत पुष्कळ वेळा निरुपद्रवी असतात, विशेषतः अनेक नखांवर असतील तर. एकाच नखावर नवी आलेली, रुंद होत जाणारी, किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर रंग पसरवणारी रेघ दाखवा.

१६. आम्ही होडीच्या बुडाला डांबर फासतो, इंजिनाचं काळं तेल अंगाला लागतं.

दगडी कोळशाचं डांबर आणि काजळी यांनी त्वचेचा कॅन्सर होतो हे पक्कं ठाऊक आहे. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या अंडकोशावरचा कॅन्सर पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली काजळीशी जोडला, व्यवसायातून होणाऱ्या कॅन्सरची ती पहिली नोंद. वर्षातून चार दिवस होडी रंगवणाऱ्याचा धोका तेवढा नसतो. गॅरेजमध्ये रोज वापरलेल्या ऑइलमध्ये हात असणाऱ्याने जपावं. हातमोजे घाला, तेलाने भिजलेली चड्डी-लुंगी दिवसभर नेसून राहू नका, जेवणाआधी साबणाने धुवा. डिझेलने किंवा पेट्रोलने हात धुऊ नका.

१७. गोरं होण्याची क्रीम लावते. त्याने कॅन्सर होतो का?

थेट नाही. पण मेलॅनिन ही तुमची छत्री आहे (प्रश्न २) आणि तुम्ही पैसे देऊन ती फाडता आहात. अशा अनेक क्रीममध्ये स्टिरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते. नायट्यावर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या तीन-इन-वन ट्यूबांतही तेच. त्याचा दुसरा तोटा असा की कॅन्सरच्या सुरुवातीचा चट्टाही त्याने काही दिवस फिका पडतो आणि दाखवायला उशीर होतो.

१८. काही खाऊन-पिऊन हा टळतो का? मासे, सोलकढी, गोळ्या?

मासे आणि भाज्या खा, पण कॅन्सर टाळायचं औषध म्हणून नको. सोलकढी जेवणानंतर छान. एका गोळीबद्दल नेटवर बरंच येतं, निकोटिनामाइड. ऑस्ट्रेलियात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा घेतल्यावर मेलानोमा सोडून बाकीचे नवे त्वचेचे कॅन्सर वर्षभरात २३ टक्क्यांनी कमी झाले. पण ते सगळे आधी असे कॅन्सर होऊन गेलेले लोक होते, आणि गोळी बंद केल्यावर फायदा गेला. निरोगी सावळ्या माणसाने ती घेण्याचं कारण नाही.

१९. बीपीची गोळी आणि ऊन यांचं काही आहे का?

हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध अनेक बीपीच्या गोळ्यांत असतं आणि त्याने कातडी उन्हाला हळवी होते. डेन्मार्कमधल्या नोंदींत दीर्घकाळ घेणाऱ्यांत त्वचेचे कॅन्सर जास्त दिसले, आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० साली त्याच्या माहितीपत्रकात तशी सूचना घातली. त्यांच्याच हिशेबाने ही वाढ दर १६,००० रुग्णांमागे वर्षाला एक एवढी. बीपी न सांभाळल्याने होणारा अर्धांगवायू याहून कितीतरी जवळ उभा आहे, तेव्हा गोळी परस्पर बंद करू नका. किडनी बदललेल्यांची गोष्ट वेगळी. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे त्यांचा धोका खरोखर वाढतो. त्यांनी वर्षातून एकदा अख्खी कातडी तपासून घ्यावी.

२०. कोड आहे. वैद्यांनी बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगितलंय. सुरक्षित आहे का?

बावचीतून निघणाऱ्या सोरालेनवरच आधुनिक प्रकाशउपचार उभा आहे, म्हणजे कल्पना निराधार नाही. अडचण मात्रेची आहे. घरी किती तेल लागलं, किती ऊन मिळालं याचं मोजमाप नसतं, त्यामुळे मोठे फोड येतात. सोरियासिससाठी हा उपचार शेकडो वेळा घेतलेल्या गोऱ्या रुग्णांत स्क्वेमस कॅन्सर वाढलेला दिसला. सावळ्यांत तो धोका फार कमी, तरी उपचार देखरेखीखाली घ्या. आणि पांढरा चट्टा बधिर असेल, टाचणी टोचलेली कळत नसेल, तर तो कोडाचा नव्हे. कुष्ठरोगाची तपासणी करा, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

२१. आमचं बाळ जन्मतःच पांढरं आहे, केस-भुवयाही पांढऱ्या.

याला वर्णहीनता म्हणतात. ती कोणाच्या पापामुळे किंवा ग्रहणामुळे होत नाही. प्रश्न २ मध्ये सावळ्यांना दिलेला दिलासा या बाळाला लागू नाही. प्रश्न ४, ५, ६ यांतलं सगळं यालाच शब्दशः लागू आहे: पूर्ण बाह्या, टोपी, गॉगल, सहा महिन्यांनंतर रोज सनस्क्रीन, शाळेत खिडकीपासून दूर पण फळ्याजवळ बाक. मैदानावरच्या कवायतीतून सूट मागायला चिठ्ठी लागली तर कुठलाही त्वचारोगतज्ज्ञ देईल. मोठेपणी मासेमारी किंवा बागायत हा व्यवसाय त्याच्यासाठी निवडू नका.

२२. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात. म्हणून आम्ही थांबलोय.

ही समजूत मला सगळ्यांत जास्त छळते. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. जागा बधिर करून मसुरीएवढा तुकडा काढतात, टाका पडला तर एक-दोन, आणि रिपोर्ट सहसा आठवडा-दीड आठवड्यात येतो. पसरायला वेळ मिळतो तो ‘नवरात्र होऊ दे’, ‘बोट लागू दे’, ‘मुंबईचा भाऊ गणपतीला आला की बघू’ यांत. बेसल आणि स्क्वेमस प्रकार लवकर काढले तर बहुतेक वेळा तेवढ्यावर संपतात.

२३. कुठे जायचं आणि खर्च किती?

पहिल्यांदा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते आणि बायोप्सीची सोय होते. कॅन्सर निघाला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत उपचार बसतात. शिधापत्रिका आणि आधारकार्ड सोबत ठेवा, आणि रुग्णालयातल्या ‘आरोग्यमित्र’ म्हणून बसणाऱ्या माणसाला दाखल होण्याआधी भेटा, नंतर नव्हे. मुंबईला जायची वेळ आली तर बायोप्सीचा रिपोर्टच नाही, त्याच्या काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात बसवतात तो मेणाचा ठोकळाही मागून घ्या. नाहीतर तिथे पुन्हा तुकडा काढावा लागू शकतो आणि कोकणकन्येची परतीची तिकिटं वाया जातात. निघण्यापूर्वी जखमेचे उजेडात दोन फोटो काढा, एक जवळून, एक लांबून, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. आणि त्या दिवशी जखमेला हळद लावून येऊ नका, खाली काय आहे ते दिसत नाही.